आनंदघनाचं आजोळ

मंगेशकरांचं गाव कोणतं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं गोव्यातलं मंगेशी. आडनावच तिथून आलेलं. मग सांगलीचं नाव निघतं, कारण मास्टर दीनानाथांच्या वैभवाचे आणि ओढगस्तीचेही दिवस तिथे गेले. इंदूरचं निघतं, कारण लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी तिथला. कोल्हापूर, पुणे, मुंबई तर आहेतच. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर वसलेल्या थाळनेरचं नाव मात्र क्वचित कुणाच्या तोंडी येतं. लताबाई आणि त्यांच्या चारही भावंडांचं आजोळ ते.

थाळनेरचे हरिदास रामदास लाड हे गुजराती व्यापारी आणि जमीनदार. त्यांची मुलगी नर्मदा ही दीनानाथांची पहिली पत्नी. ती लवकर गेली, आणि तिची धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरात आली. लग्नानंतर तिचं नाव सुधामती झालं. पुढे सगळा महाराष्ट्र तिला माई मंगेशकर म्हणून ओळखू लागला. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही या माईंची मुलं. २४ एप्रिल १९४२ला दीनानाथ गेले तेव्हा थोरली लता तेरा वर्षांचीही नव्हती आणि हृदयनाथ जेमतेम साडेचार वर्षांचा. वडिलांचं गाणं मुलांनी ऐकलं, थोरली त्यांच्यासमोर बसून शिकलीही. पण मुलांच्या वाढत्या वयात घरात राहिली ती आई, आणि आईबरोबर आलेला तिच्या माहेरचा कान.

या लेखात मला त्या कानाबद्दल लिहायचं आहे. लता मंगेशकर ही गायिका सगळ्या जगाची आहे, तिच्याबद्दल लिहिलं गेलंय आणि लिहिलं जाईल. मी लिहितोय आनंदघन या संगीतकाराबद्दल, म्हणजे या टोपणनावानं चाली बांधणाऱ्या लताबाईंबद्दल. त्याच्या नावावर जेमतेम चार चित्रपट आहेत. तरी खानदेशातल्या माणसाला तो आपला वाटावा, असं त्याच्या चालींत काही आहे, अशी माझी पक्की धारणा आहे.

शिरपूरहून थाळनेरला जाणारा रस्ता काळ्या मातीतून जातो. दोन्ही बाजूंना कापूस, केळी, ऊस. गावाशी आलं की तापी दिसते आणि तिच्या कडेला किल्ल्याचे अवशेष. बाहेरून येणारा माणूस बहुधा हा किल्ला आणि फारुकी सुलतानांच्या कबरी पाहायला येतो. फिरोजशहा तुघलकानं १३७० साली मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि खानदेशची सल्तनत इथून सुरू झाली, बुऱ्हाणपूर पुढचं. २७ फेब्रुवारी १८१८ला इंग्रजांच्या सर थॉमस हिस्लॉपनं हा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. इतिहासाच्या पुस्तकात थाळनेर येतं ते या दोन कारणांनी. गाण्याच्या पुस्तकात यायला तिसरं कारण पुरेसं आहे, पण तिथे अजून त्याची ओळ-दोन ओळींत बोळवण होते.

लताबाईंना आजीकडून, म्हणजे आईच्या आईकडून, गुजराती लोकगीतं मिळाली होती. पावागढचे गरबे त्या तिच्याकडूनच शिकल्या. खानदेशाबाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. धुळे जिल्ह्यात गरबा कुठून आला? तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला वाटणार नाही. ही नदी सुरतेला जाते. तिच्या काठानं सुरत-भुसावळ रेल्वे धावते. कापसाच्या व्यापारासाठी गुजराती घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पेठांत नांदली, आणि अहिराणी ऐकणाऱ्याला तर पहिल्या दोन वाक्यांत गुजरातीची ओढ कळते. थाळनेरच्या लाडांच्या घरात गुजराती बोलली जात असेल, अंगणात कामाला येणाऱ्या बाया अहिराणीत गात असतील आणि देवळात मराठी अभंग चालू असेल, तर त्यात विशेष काहीच नाही. खानदेशातली कितीतरी घरं अशीच आहेत.

या भागातलं बाईचं गाणं वर्षभर सुरू असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या मुली माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी सुरू होतात. श्रावणात कानबाई बसते. रोटांचा स्वयंपाक आणि रात्रभर गाणी. भाद्रपदात जळगावकडे गुलाबाईची गाणी. लग्नात हळदीची, जात्यावरची तर रोजचीच. या सगळ्यांत समान गोष्ट अशी की गळ्याला फार वर-खाली जावं लागत नाही. चार-पाच सुरांत चाल बसते, कडव्यामागून कडवं तिच्यावर चढत जातं, आणि ओळ संपताना एक सूर धरून ठेवला जातो, की मागच्या बायांनी उचलावा. एकटीनं रंगवायचं हे गाणं नाही. एकीनं सुरू करायचं आणि साऱ्याजणींनी पुढे न्यायचं.

आता आनंदघनाकडे येऊ.

लताबाईंनी पहिल्यांदा संगीत दिलं ते स्वतःच्या नावानं, पन्नासच्या दशकात, दिनकर द. पाटील यांच्या ‘राम राम पाव्हणं’ला. पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’च्या वेळी अडचण आली. हवे ते संगीतकार मोकळे नव्हते आणि काम थांबवता येत नव्हतं. लताबाईंनी मीच करते म्हटलं. भालजींना त्यांच्या नावाची काळजी वाटली, कारण गाणी पडली तर गायिकेच्या कीर्तीला धक्का लागेल. त्यातून टोपणनावाची वाट निघाली, असं सांगितलं जातं. १९६३ साली ‘मोहित्यांची मंजुळा’ आला, संगीत आनंदघन. मग १९६४चा ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५चा ‘साधी माणसं’ आणि १९६९चा ‘तांबडी माती’. चारही चित्रपट भालजींच्या छत्राखालचे, कोल्हापूरच्या मातीतले. त्यानंतर आनंदघन थांबला.

‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाले, त्यात संगीताचाही होता. समारंभात आनंदघन हे नाव पुकारलं गेलं आणि कुणीच उठेना, मग हे नाव कुणाचं ते मंचावरून सांगण्यात आलं, ही हकीकत मराठी वाचकाला पाठ आहे. मला मात्र तिच्यापेक्षा मोलाचं वाटतं ते ज्या गाण्यांसाठी हा मान मिळाला त्यांचं घडणं.

जगदीश खेबुडकरांचं ऐरणीच्या देवाचं गाणं घ्या. लोहार नवरा-बायको कामाला बसलेत, भाता चालू आहे, घण पडतोय. कामाच्या लयीतच चाल चालते. ती बाई देवाकडे मागणं मागते आहे, पण काम थांबवून हात जोडून नाही. हात कामात आणि तोंडात गाणं, ही जात्यावरच्या बाईची रीत. ज्या गळ्यानं त्या काळात हिंदीत अवघडातल्या अवघड हरकती घेतल्या, तो गळा इथे सरळ, एका पट्टीत, जणू शेजारणीला ऐकू जाईल एवढाच चालतो. संगीतकारानं गायिकेला आवर घातलाय. दोघी एकच असताना हे करणं किती कठीण असेल! आपल्याला काय काय येतं ते दाखवण्याची संधी समोर असते, मोहही असतो. आनंदघनानं तो चारही चित्रपटांत टाळला.

त्याच चित्रपटात संत कान्होपात्रेचा अभंग आहे. विठ्ठलापुढचा शेवटचा आकांत तो. चाल लावणाऱ्याला रडवण्याची पूर्ण मुभा. आनंदघनानं तिथेही सूर मोजकेच ठेवले. ‘मोहित्यांची मंजुळा’तलं मोरपिसाऱ्याचं गाणं ऐका. उल्हासाचं गाणं आहे, पण ओळ सुटते ती मागच्या बायांच्या हाती द्यायला सुटल्यासारखी. शांता शेळक्यांचं रेशमाच्या रेघांचं गाणं आशाबाईंनी गायलं आहे. लावणीचा ठसका त्यात आहे, तरी कडवं परत येतं ते घरातल्या गाण्यासारखं, तीच वाट धरून. आणि ‘मराठा तितुका’मधलं निरोपाचं गाणं, जे भालजींनी ‘योगेश’ या नावानं लिहिलं, ते तर आज महाराष्ट्रात माणसाला निरोप देताना लागतं. चित्रपटाचं नाव न आठवणाऱ्या माणसालाही ते येतं. गाणं चित्रपटातून निसटून लोकांत जाऊन बसलं, म्हणजे ते जिथून आलं तिथेच परत गेलं, असं मला वाटतं.

दीनानाथांची गायकी तडफेची होती. पंजाबी ढंगाच्या ताना, वीज चमकावी तशा जागा, रंगमंच व्यापणारा आवाज. त्या वारशाचा माग शोधायचा तर हृदयनाथांच्या चालींत तो सापडतो. पट्टी ओलांडणारे, अनपेक्षित वळणाचे सूर त्यांच्याकडे आहेत. आनंदघनात ते फारसे नाहीत. तिथे कडवं आहे, धरून ठेवलेला सूर आहे, मागून येणारा बायकांचा मेळ आहे. म्हणून मी म्हणतो, लताबाई गायला उभ्या राहत तेव्हा वडिलांचा वारसा पुढे येई, आणि चाल बांधायला बसत तेव्हा आईचं माहेर. कोल्हापूरच्या लोकसंगीताचा वाटा नाकारायचं कारण नाही. भालजींचं बोट धरूनच ही गाणी झाली. पण कोल्हापूरची माती ओळखायला कान आधी तयार असावा लागतो. तो थाळनेरच्या आजीनं तयार केला होता.

एका माहेरवाशिणीची तीन मुलं संगीतकार झाली, हेही कुणी मोजत नाही. लताबाई आणि हृदयनाथ तर आहेतच. मीनाताई खडीकरांनीही चित्रपटांना चाली दिल्या आणि मुलांसाठी अशी गाणी केली की महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण त्यांवर गेलं. भोलानाथाचं गाणं किंवा चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं म्हणताना मूल अडखळत नाही, कारण त्या चालीही चार-पाच सुरांच्या अंगणात खेळतात. हीच ती आजोळची शिस्त.

खानदेशाच्या गाण्याची ही गोष्ट एकट्या थाळनेरची नाही, जळगावचीही आहे. जळगावचं तिच्यातलं पहिलं पान चित्रपटाआधीचं आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिला आणि इथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यानं गाण्याचे धडे घेतले. शहराला याची जाणीव आहे. इथल्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, आणि वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव इथे भरतो. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या पेठांनी नाटक कंपन्यांना आणि गवयांना पोसलं.

पण जळगावनं मराठी चित्रपटाला दिलेलं सर्वांत मोठं देणं एका निरक्षर शेतकरी बाईचं आहे. बहिणाबाई चौधरी २४ ऑगस्ट १८८०ला असोद्यात जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, तिशीत विधवा झाल्या. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी सुचत गेली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ती उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ते सोनं ओळखलं आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं.

पुस्तकानं बहिणाबाई वाचकांपर्यंत गेल्या. घराघरांत नेलं ते १९६१च्या ‘मानिनी’नं. दिग्दर्शक अनंत माने, संगीतकार वसंत पवार. दोनच वर्षांपूर्वी, १९५९मध्ये, याच जोडीनं ‘सांगत्ये ऐका’ केला होता आणि त्यातल्या लावण्यांनी महाराष्ट्र डोलला होता. लावणीत एवढं यश मिळालेल्या संगीतकाराच्या हाती बहिणाबाईंचे शब्द आले तेव्हा त्यानं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यानं ढोलकी बाजूला ठेवली आणि संसाराच्या गाण्याला ओवीच्या अंगाची चाल लावली. सुमन कल्याणपूरांनी ते गायलं. लेवा गणबोलीतले शब्द तसेच राहिले. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळावं म्हणून कुणी ते घासूनपुसून घेतले नाहीत. तव्यावर भाकरी टाकणाऱ्या बाईला हातावर बसणारा चटका ठाऊक असतो, आणि चाल त्या चटक्याच्या पलीकडे जाऊन मोठं व्हायला बघत नाही. वसंत पवार १९६५मध्ये, ऐन भरात गेले. त्यांची लावणी लोकांना आठवते, आठवावीच. पण खानदेशानं त्यांचं नाव ‘मानिनी’साठी घ्यायला हवं.

या चित्रपटांतून फिरताना एक चेहरा सारखा भेटतो, जयश्री गडकर यांचा. ‘सांगत्ये ऐका’, ‘मानिनी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’. लावणी, ओवी, मोरपिसाऱ्याचं गाणं, ऐरणीचं गाणं. पडद्यावरच्या कष्टकरी बाईला गाणं शोभलं पाहिजे, ही त्या काळातली अट त्यांनी पाळली. चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्या पाहताना मला बहिणाबाईंच्या कवितेइतकाच ‘मानिनी’ही आठवत होता. माझ्या आईच्या वयाच्या बायांना बहिणाबाई आधी कानानं भेटल्या आणि पुस्तकातून मागाहून. शाळा सुटलेल्या किंवा शाळेत न गेलेल्या बायांना तर फक्त कानानंच.

आता पुन्हा शिरपूर तालुक्यात.

१९७७ साली जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर ‘जैत रे जैत’ केला. संगीत हृदयनाथ मंगेशकर, म्हणजे थाळनेरच्या लेकीचा मुलगा. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याच्या शेतकऱ्याची. पळसखेडे जिल्ह्याच्या नकाशात तेव्हाच्या औरंगाबादेकडचं, पण महानोरांचं जाणं-येणं, शिक्षण, मैत्र जळगावशी बांधलेलं होतं, आणि त्यांच्या कवितेतलं रान खानदेशच्या शिवेवरचं. पडद्यावर चिंधी झालेली स्मिता पाटील. वडील शिवाजीराव गिरधर पाटील यांचं घर शिरपूरचं. कथा ठाकरांची, डोंगर कोकणाकडचा. पण शब्द, सूर आणि चेहरा या तिन्ही गोष्टी आपापल्या वाटेनं खानदेशातून तिथे पोचल्या होत्या. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, म्हणून तर नोंदवून ठेवावंसं वाटतं.

‘जैत रे जैत’ची गाणी कथा थांबवून येत नाहीत, कथाच त्यांच्यातून चालते. महानोरांनी लोकगीताची नक्कल केली नाही. ‘रानातल्या कविता’ १९६७मध्येच आल्या होत्या आणि लोकांच्या तोंडची गाणी त्यांनी ‘पळसखेडची गाणी’त वेगळी जमवली. म्हणजे लोकगीत कुठे संपतं आणि आपली कविता कुठे सुरू होते, हे त्यांना नीट ठाऊक होतं. हृदयनाथांनीही तसंच केलं. ढोलाचा ठेका रानातला घेतला आणि त्यावर सुरांची वाट मात्र स्वतःची काढली. जांभळाचं गाणं आशाबाईंच्या आवाजात ऐकताना पहिल्या ओळीला वाटतं, हे तर गावात ऐकलंय. तिसऱ्या ओळीला कळतं, हे कधीच ऐकलेलं नाही. बहिणीनं आजोळचं गाणं जपून वाढलं, भावानं त्याच्यातून नवीन बांधलं. मला दोन्ही हवीत.

१९८२च्या ‘उंबरठा’त हा योग आणखी घट्ट झाला. सुन्या मैफिलीचं ते गाणं शब्दांनी सुरेश भटांचं, म्हणजे विदर्भाचं. पण पडद्यावर स्मिता, आवाज लताबाईंचा, चाल हृदयनाथांची. एका गाण्यात तिघं, आणि तिघांची मुळं, एकीची वडिलांकडून आणि दोघांची आईकडून, एकाच तालुक्यात. शिरपूरच्या शाळेत शिकणाऱ्या किती मुलांना हे सांगितलं जातं? तालुक्याचा इतिहास शिकवताना मलिक राजा आणि हिस्लॉप यांच्याबरोबर हे गाणंही वर्गात वाजवायला हवं.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ला गेली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ला गेल्या, महानोर ३ ऑगस्ट २०२३ला. लताबाई गेल्या त्या दिवशी टीव्हीवर दिवसभर हिंदी गाणी लागली होती, ते स्वाभाविकच होतं. खानदेशातल्या घरांत, पारावर, फोनवर लोक ऐरणीचं आणि निरोपाचं गाणं एकमेकांना पाठवत होते. संगीतकार म्हणून त्यांचं स्मरण झालं ते असं.

आज धुळ्या-जळगावच्या लग्नात बँड असतो, डीजे असतो आणि अहिराणी गाणी असतात. या अहिराणी गाण्यांचा सुकाळ गेल्या दहा-पंधरा वर्षांतला. मोबाइलवर निघतात, मोबाइलवरच पसरतात, लाखो लोक पाहतात. जुनी माणसं नाक मुरडतात, शब्द उथळ आहेत म्हणतात. काही गाण्यांबद्दल मलाही तसं वाटतं. पण मराठी चित्रपटानं अहिराणीला नायक-नायिकेची भाषा म्हणून जवळपास कधीच उभं केलं नाही. ती आली तर नोकराच्या किंवा विनोदाच्या तोंडी. ज्या पोरांनी स्वतःचा कॅमेरा घेऊन आपल्या बोलीत गाणं काढलं, त्यांनी एक जुना दरवाजा आतून उघडला आहे. बहिणाबाईंच्या बोलीला वसंत पवार भेटले. अहिराणीला तिचा वसंत पवार अजून भेटायचा आहे, आणि तो बहुतेक याच पोरांतून निघेल. त्यानं एकच करावं: ताल संगणकातून घेण्याआधी आजीच्या हळदीच्या गाण्याला कान द्यावा.

कारण ती गाणी म्हणणाऱ्या आज्या आता थोड्या राहिल्यात. जातं गेलं तेव्हा जात्यावरची गाणी गेली. झोके अजून आहेत, कानबाई अजून बसते, पण रात्रभर गाणारा मेळ लहान होत चाललाय आणि पुष्कळ ठिकाणी त्याची जागा स्पीकरनं घेतली. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे; धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारखी जुनी संस्था आहे, जिथे कागद जपण्याची परंपरा आहे. आवाज जपणं हेही तेवढंच निकडीचं काम आहे. त्याची सुरुवात थाळनेरपासून व्हावी. आखाजीला माहेरी आलेल्या मुलींनी आईला, आजीला, गल्लीतल्या म्हाताऱ्या काकूला बसतं करावं, गौराईची, हळदीची आणि घरात टिकून असतील तर गरब्याचीही गाणी सबंध रेकॉर्ड करावीत. गाणारीचं नाव, गाव, माहेर आणि ते गाणं तिला कुणाकडून आलं, एवढं शेवटी तिच्याच आवाजात विचारून घ्यावं.